घाई नको, सूट येते

कर्नाटक सरकारचे अभिनंदन करावे तेवढे थोडे. फेब्रुवारी 2023 मध्ये थकलेल्या वाहतूक दंडावर निम्मी सूट निघाली. लोक रांगा लावून दंड भरू लागले, म्हणून त्याच वर्षी ती पुन्हा निघाली. 2025 मध्ये तर 23 ऑगस्ट ते 12 सप्टेंबर, म्हणजे ऐन गणपतीत. साड्यांच्या दुकानदारांनाही इतका अचूक मुहूर्त साधत नाही.

यामुळे समाजात शिस्त आली. नो-पार्किंगचा दंड त्याच दिवशी पूर्ण भरणारा बेळगावातल्या अनगोळचा सज्जन आता घरातही तोंड दाखवू शकत नाही. शेजारी मात्र गाडी गटारीवर आडवी लावून, मोबाईलवर आलेली चलने जपून ठेवतो. मुदत ठेवीवर एवढा परतावा कुठली सोसायटी देते?

आता पुढचे पाऊल उचलावे. गणपत गल्लीत सणाच्या गर्दीत दोनदा गाडी अडकवणाऱ्यास तिसरे चलन मोफत. जुन्या थकबाकीदारांचा दसऱ्याला शाल-श्रीफळ देऊन सत्कार. वेळेवर भरणाऱ्यांकडून तेवढा खुलासा मागवावा.

आम्हा बेळगावकरांना थांबणे जड नाही. महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्नाचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, तिथे आम्ही काही बोललो? फक्त त्या प्रकरणात पन्नास टक्क्यांची योजना कुणी काढू नये. अनगोळ कुठल्या निम्म्यात जाईल, याचा भरवसा नाही.