सेंट मेरी मीडला घर घेऊ नका

सेंट मेरी मीड इंग्लंडच्या नकाशावर नाही, हे तिथल्या घरदलालांचं नशीब. अगाथा ख्रिस्तीच्या या टुमदार खेड्यात गुलाब फुलतात, चहा वेळेवर होतो आणि मुडदेही बऱ्यापैकी नियमित पडतात. १९३० सालच्या पहिल्याच मिस मार्पल कादंबरीत प्रेत सापडतं ते थेट पाद्रीबाबांच्या अभ्यासिकेत. पोलीस येतात, भलत्याच माणसामागे लागतात. आणि हातातल्या लोकरीचा एक टाकाही न सोडता गावातल्याच वयस्क मिस मार्पल खुनी दाखवून देतात. शेजाऱ्यांच्या भानगडींवर नजर ठेवणं, एरवी ज्याला भोचकपणा म्हणतात, इथे त्याला प्रज्ञा म्हणायचं.

अमेरिकन मालिकेतल्या जेसिका फ्लेचरबाई आणखी पुढच्या. १९८४ ते १९९६ अशी बारा वर्षं टीव्हीवर त्या जातील तिथे कुणीतरी मरत होतं. तरी लोक त्यांना हौसेने जेवायला बोलवत.

आता हे सारं ऐकायचीही सोय आहे. कानात विषप्रयोग, हातात निवडायची मेथी. काही रसिक तर झोप यावी म्हणून खून लावतात आणि खुन्याचं नाव कळण्याआधीच घोरू लागतात.

वर्तमानपत्रातल्या खुनाने उडालेली झोप या खुनांनी लागते, यात नवल नाही. इथे मेलेला बहुधा कुणालाच आवडत नसतो, खुनी हमखास सापडतो, दिवाणखान्यात सर्वांसमक्ष उघडा पडतो, आणि मुख्य म्हणजे कोर्टाची पुढची तारीख पडत नाही.