मी, आशियाई बाजारपेठ

आमच्या क्लबने यंदाची तिसरी जर्सी बाजारात आणली आहे आणि ती माझ्यासाठी आणली आहे. मी नाही म्हणत, क्लबच्या पत्रकातच तसं आहे: ‘आशियातल्या आपल्या लाखो कुटुंबीयांच्या आग्रहास्तव.’ कोल्हापुरात, मंगळवार पेठेत, दुसऱ्या मजल्यावर बसून मी हा आग्रह कधी धरला ते काही आठवत नाही. माझा आग्रह एकच आहे आणि तो जुना आहे: एक लेफ्ट बॅक आणा. डाव्या पायाचा, सत्तराव्या मिनिटाला कमरेवर हात ठेवून उभा न राहणारा, एक धड माणूस. लेफ्ट बॅक आला नाही, जर्सी आली.

क्लब इंग्लंडमधला. नाव सांगत नाही. ज्यांचा क्लब असा आहे त्यांना तो आपलाच वाटेल आणि ज्यांचा नाही त्यांचा पुढच्या वर्षी होईल.

जर्सीचा रंग राखाडी, त्यात जांभळ्याची झाक. पत्रकात त्याला ‘मान्सून मिस्ट’ म्हटलं असून भारतीय उपखंडावर दाटून येणाऱ्या ढगांपासून ही प्रेरणा घेतल्याचा खुलासा केला आहे. आता पावसाळा म्हणजे काय हे कोल्हापूरकराला कोणी शिकवायचं? राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43 फूट, हे आमच्याकडचं शाळकरी पोरही झोपेत सांगतं. ते ढग आम्ही पाहिले आहेत. त्यांचा रंग असा नसतो. हा रंग सरकारी दवाखान्यात दोन खाटांच्या मध्ये लावलेल्या पडद्यासारखा आहे.

पण खरी गंमत कॉलरच्या आत आहे. मानेला टोचेल अशा बेताने तिथे देवनागरीत छापलं आहे, ‘आपण एक कुटूंब’. टू दीर्घ. दीर्घ म्हणजे चांगला लांबलचक, सोनेरी धाग्याने भरलेला. आमच्या कचेरीत मथळ्यात अशी चूक गेली तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत वाचकांचे फोन थांबत नाहीत. हे मात्र जगभर विकायला निघालेले, आणि त्यांना शुद्धलेखन तपासायला एक माणूस परवडला नाही. बरं, कॉलरच्या आत कुटुंब आणि बाहेर छातीवर काय, तर पैजा लावून घेणाऱ्या कंपनीचं नाव. आत कुटुंब, बाहेर जुगार. तिकडच्या अव्वल साखळीतल्या क्लबांनी 2025-26 च्या हंगामानंतर छातीवर जुगाराची जाहिरात घ्यायची नाही असं 2023 मध्येच ठरवलं. बाहीबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. तेव्हा जुगार छातीवरून बाहीवर सरकेल. कुटुंब आहे तिथेच टोचत राहील.

जर्सी दोन प्रकारांत मिळते. खेळाडू घालतात ती ‘ऑथेंटिक’, अंगाला चिकटणारी. चाहत्यांनी घालायची ती ‘रेप्लिका’, जरा ऐसपैस. कापड जिला कमी लागतं तिला पैसे जास्त. मी दुकानात जाऊन ऑथेंटिक अंगाला लावून पाहिली. छातीवरचं नाव माझ्या पोटावर आलं आणि ते वाचायला दोन ओळी लागल्या. दुकानातला पोरगा म्हणाला, “काका, रेप्लिका घ्या, तीपण ओरिजिनलच आहे.” ओरिजिनल रेप्लिका! या दोन शब्दांसाठी जी रक्कम मागितली त्यात आमच्याकडे एका संघाचे बूट येतात.

पूर्वी दुसरी जर्सी असायची ती अडचणीसाठी. दोन्ही संघांचे रंग एक झाले तर कोणी तरी बदलायचा, एवढाच तिचा उपयोग. तिसरी म्हणजे त्या अडचणीतलीही अडचण. आता अडचण येईपर्यंत थांबायला कोणाला वेळ नाही. परवा समोरच्या संघाच्या आणि आमच्या रंगांत कुठलीही गल्लत नव्हती, तरी आमचे अकराच्या अकरा जण ढग होऊन मैदानात उतरले. धुकं होतं. डाव्या बाजूने, जिथे लेफ्ट बॅक असायला हवा होता तिथून, दोन गोल गेले. समालोचक म्हणाला, जर्सी मोठी छान दिसते आहे.

मालकांचा एक गुण मात्र मानायलाच हवा. ते स्वतःसाठी काही करत नाहीत. जे करतात ते सगळं माझ्यासाठी. शनिवारचा सामना तिथल्या दुपारी साडेबाराला ठेवला तो माझ्यासाठी. पाहुण्या मैदानावर जाणारा तिकडचा माणूस त्यासाठी अंधारात घर सोडतो, पण काय करणार, आशियात त्या वेळी लोक टीव्हीसमोर असतात ना! थंडीत आमच्याकडे तेव्हा संध्याकाळचे सहा वाजलेले असतात. शनिवारी संध्याकाळी सहाला मी कपिलतीर्थ मंडईत मेथीच्या जुड्या उलटसुलट करत असतो. मला रात्रीचीच मॅच बरी. घर झोपलेलं असतं, आवाज बंद करून मनातल्या मनात शिव्या देता येतात. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ते घड्याळ एक तास मागे घेतात आणि आमची साडेबाराची मॅच दीडला जाते, तेवढं सोडलं तर वेळेबद्दल माझी काही तक्रार नव्हती. पण मला विचारतो कोण? मग हंगामापूर्वीचा दौरा. तोही माझ्यासाठीच. ‘आशियातल्या कुटुंबीयांच्या भेटीला’ असं त्याचं नाव होतं. ही भेट तिकीट काढून होती आणि जिथे होती तिथे जायचं तर मला दोन विमानं बदलावी लागली असती. कुटुंबातलं कोणी कोल्हापूरकडे फिरकलं नाही. एवढा प्रवास करून, दमट हवेत चार प्रदर्शनी सामने खेळून पोरं परत गेली ती मांड्या धरून. त्यांत तो एक बिचारा होता, जो उजव्या पायाचा असूनही नाइलाजाने लेफ्ट बॅकला उभा राहायचा. तो डिसेंबरपर्यंत बाहेर. म्हणजे माझ्या भेटीला म्हणून येऊन त्यांनी माझाच लेफ्ट बॅक मोडला. मग तिकिटांचे दर वाढवले. ‘जागतिक दर्जाच्या संघासाठी जागतिक दर्जाची गुंतवणूक.’ त्यानंतर सभासदत्व आलं. वर्षाची वर्गणी भरायची. त्याबदल्यात तिकीट मिळत नाही, तिकिटाच्या सोडतीत नाव घालण्याचा अधिकार मिळतो. सोडतीत नाव निघालं तरी तिकीट मिळत नाही, ते विकत घेण्याचा अधिकार मिळतो. शिवाय टाचणी लावायचा एक बिल्ला आणि मालकांच्या छापील सहीचं पत्र. पत्राची सुरुवात, ‘प्रिय कुटुंबीय’.

ज्या कुटुंबात प्रत्येक पत्राबरोबर बिल येतं, त्याला आपल्याकडे वेगळं काही तरी म्हणतात. ते इथे छापता येत नाही.

माझा पुतण्या शिकायला तिकडे आहे. काकाचं नाव सोडतीत निघालं म्हणून तो एका सामन्याला गेला. जागा मिळाली खांबामागे. शेजारी एक आजोबा होते, गळ्यात जुना लोकरी मफलर, हातात घरून आणलेला चहाचा थर्मास. आजोबा आधी खांबामागे बसत नव्हते. मधल्या स्टँडमध्ये त्यांची जागा होती, त्यांच्या वडिलांनीही सामने तिथूनच पाहिले होते. गेल्या वर्षी तिथल्या खुर्च्या उखडून काचेच्या खोल्या बांधल्या. आत गालिचा, जेवण, आणि मॅचकडे पाठ करून बसलेली माणसं. आजोबांना पत्र आलं की, जगभरातून येणाऱ्या चाहत्यांच्या सोयीसाठी आपली जागा बदलण्यात येत आहे. त्यांनी पुतण्याला विचारलं, “कुठला रे तू?” हा म्हणाला, “इंडिया.” आजोबांनी थर्मासच्या झाकणात चहा ओतून त्याला दिला आणि म्हणाले, “म्हणजे तुमच्यासाठी होय!”

हे पुतण्याने फोनवर हसत हसत सांगितलं. मला हसू आलं नाही. माझ्या खिशातून पैसे काढता, काढा. गिऱ्हाईक म्हणता, म्हणा. पण त्या म्हाताऱ्याची खुर्ची काढताना माझं नाव कशाला सांगितलं? मी कधी मागितली त्याची खुर्ची? त्याला वाटतं, आशियात कोणी तरी बसलंय आणि त्याच्या हट्टापायी आपण खांबामागे गेलो. मला वाटत होतं, तिकडच्या लोकांना महागडी तिकिटं परवडतात म्हणून दर वाढतात. दोघांच्या मध्ये बसलेला माणूस दोन्हीकडून पैसे घेतो आणि प्रत्येकाला दुसऱ्याकडे बोट दाखवतो. भाऊबंदकीत वाटण्या करून देणारे असे दलाल आमच्या तालुक्यात खूप पाहिले आहेत. फरक एवढाच की, त्यांना गावात तोंड चुकवून फिरावं लागतं. आमचे मालक कुठे राहतात तेच कोणाला माहीत नाही. त्यांची कंपनी एका बेटावर राहते.

आणि हे पैसे जातात कुठे, तर त्यातही एक कलाकुसर आहे. मालकांनी क्लबला कर्ज दिलं आहे, व्याजाने. म्हणजे क्लब त्यांचा, कर्ज त्यांचं, आणि व्याज भरायचं तिकिटातून आणि ‘कुटूंबा’तून. तोटा वाढला की नवं कर्ज, नव्या कर्जाला नवं व्याज. शिवाय क्लब कसा चालवावा याचा सल्ला क्लबला देण्यासाठी मालकांच्याच दुसऱ्या कंपनीची फी. (सल्ल्यात लेफ्ट बॅकचा उल्लेख नसावा.) आपल्याकडे व्याजाने पैसे द्यायचे तर परवाना लागतो, त्यासाठी महाराष्ट्रात 2014 चा सावकारी नियमन कायदा आहे. तिकडे कोट घातला की त्याला गुंतवणूक म्हणतात आणि पहिल्या दिवशी गळ्यात मफलर घालून मैदानात फोटो काढतात. तो मफलर दुसऱ्या दिवशी दुकानात विकायला येतो.

असं पूर्वी नव्हतं, हे रडगाणं मी सहसा गात नाही, पण इथे ते खरंच आहे. इंग्लंडमध्ये क्लबच्या संचालकाने क्लबकडून पगार घ्यायचा नाही असा नियम होता आणि लाभांशावरही मर्यादा होती. 1981 मध्ये पगाराची बंदी उठली. वर एक होल्डिंग कंपनी बसवली की लाभांशाची मर्यादाही आडवी येत नाही, हा शोध पुढे लागला. जर्मनीत 1998 पासून पन्नास अधिक एकचा नियम आहे. मोजके अपवाद सोडले तर क्लबातली बहुसंख्य मतं सभासदांकडेच राहिली पाहिजेत. तरीही 2024 च्या सुरुवातीला तिकडच्या साखळीच्या माध्यम हक्कांच्या कमाईतला वाटा गुंतवणूकदाराला द्यायचं घाटत होतं. प्रेक्षकांनी मैदानात टेनिसचे चेंडू फेकले, चॉकलेटची नाणी फेकली, सामने थांबवले. फेब्रुवारीत तो सौदा गुंडाळावा लागला. मीही चेंडू फेकायला तयार आहे, पण मंगळवार पेठेतून फेकलेला चेंडू माझ्याच टीव्हीवर लागेल आणि त्याचे हप्ते अजून फिटायचे आहेत.

आमच्या पेठेतल्या फुटबॉलला मालक नसतो. तालीम असते, मंडळ असतं, वर्गणी असते. कोणी दानशूर पुढे आला तर त्याचा भलामोठा फोटो चौकात लागतो, पण संघ त्याचा होत नाही. संघ हरला तर संध्याकाळी त्याच चौकात, त्याच फोटोखाली उभं राहून त्याला ऐकून घ्यावं लागतं. “दादा, लेफ्ट बॅक कुठाय?” असं तोंडावर विचारतात, आणि दादाला उत्तर द्यावं लागतं. आमच्याकडे सगळं आलबेल आहे असं नाही. हाणामाऱ्या होतात, पोलीस येतात, भर रंगात आलेली स्पर्धा थांबते, याचं कौतुक करायला मी बसलेलो नाही. पण शाहू स्टेडियमच्या तापलेल्या पायरीवर बसलेल्या माणसाला उठवून, ‘तुझी जागा इंग्लंडच्या चाहत्यांसाठी हवी आहे,’ असं सांगायची कोणाची छाती नाही. सांगून बघावं. हलगी वाजायची थांबेल आणि मग पुढचं मी बघितलेलं नाही.

आता क्लबकडून एक प्रश्नावली आली आहे. पुढच्या हंगामासाठी आशियातल्या कुटुंबीयांचं मत हवं आहे. प्रश्न पहिला, चौथी जर्सी कोणत्या रंगाची आवडेल? पर्याय तीन: हळदी, केशरी, मोरपंखी. ‘नको’ हा पर्याय नाही. शेवटी ‘इतर सूचना’साठी एक चौकोन आहे, त्यात वीस अक्षरं मावतात. मी ‘लेफ्ट बॅक’ लिहिलं. उत्तर लगेच आलं: आपली सूचना नोंदवली आहे, पाठीवर हे नाव छापून घेण्यासाठी जादा आकार पडेल.

तेव्हा वाचकांना एवढंच सांगणं आहे. तुमच्यापैकी कोणी ती ढगाळ जर्सी ऑनलाइन मागवली असेल तर टॅग काढू नका, धुऊ नका, बिल जपून ठेवा. मुदतीत परत घेतात. परत करताना कारण विचारतात. ‘माप चुकलं’, ‘रंग आवडला नाही’ असे पर्याय असतात, त्यांना हात लावू नका. ‘इतर’वर खूण करा आणि स्वच्छ लिहा: आम्ही मागितली नव्हती.