बुरोंडीत म्हणे ‘हाय टी’!

ऐकलंत का? आमच्या दापोली तालुक्यातल्या बुरोंडीत आता साखरपुड्याला चहा-पोहे नसतात, ‘हाय टी’ असतो! पत्रिकेवर सोनेरी अक्षरांत छापतात. वर तळाला बारीक अक्षरात ‘येणार असल्यास आगाऊ कळवावे’. कळवावे? अहो, अर्धी आळी आदल्या रात्रीपासून मांडवातच पसरलेली असते, तिथे कुणी कुणाला कळवायचं?

आणि हाय टीला काय, तर कडा कापलेली सँडविचं. कापलेल्या कडा गेल्या कुठे, हे विचारायचं नाही. कपात गरम पाणी आणि दोऱ्याला लटकलेली चहाची पुडी. गवती चहा नाही, आलं नाही. एका आजोबांनी पुडी पिळून बघितली, मग सरळ चहा बशीत ओतला आणि असा काही भुरका मारला की मुलीच्या मामीने डोळे वटारले. साहेबी कार्यक्रमात बशी? शिव शिव!

आता मामींना कोण सांगणार की १८व्या शतकात खुद्द विलायतेत लोक खुशाल बशीतून चहा प्यायचे! करंगळी वर करून कप धरणं, जे मामींनी आरशासमोर घोटवलंय, त्याला तिकडचे जाणते लोक आजही हसतात.

पण खरी गंमत पुढेच आहे. दुपारी चारच्या सुमाराला नाजूक सँडविच, केक आणि चहा हा जो थाट, तो म्हणजे ‘आफ्टरनून टी’. त्याचं श्रेय देतात बेडफर्डच्या डचेस अ‍ॅनाबाईंना. साधारण १८४० चा काळ. रात्रीचं जेवण आठाच्या पुढे, तोवर बाईंच्या पोटात कावळे ओरडायचे, म्हणून हा उद्योग. आणि हाय टी? तो गिरणी-कारखान्यातल्या कामगारांचा! संध्याकाळी दमून घरी यायचं, जेवणाच्या उंच टेबलाशी बसायचं आणि कडक चहासोबत पाव, थंड मटण, नाहीतर धुरी दिलेला हेरिंग मासा हाणायचा. म्हणजे बघा, खरा हाय टी बुरोंडीत रोजच होतो. होडी किनाऱ्याला लागली, मासळीचा लिलाव उरकला, की तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी आणि वर चहा. पत्रिका तेवढी छापत नाहीत.

चहाबद्दल साहेबाचं आपसातच कुठे जमतं म्हणा! आधी दूध की आधी चहा, यावरून तिकडे माणसाची पायरी ठरवायचे. जॉर्ज ऑर्वेलने १९४६ साली चांगल्या चहाचे ११ नियम लिहिले. त्यात आधी चहा मग दूध, आणि साखर तर अजिबात नाही. बिहारात मोतीहारीला जन्मलेला माणूस, पण साखर नाही! आपण पाणी, दूध, साखर, भुकटी सगळं एका पातेल्यात कोंबून उकळ्या फोडतो; ऑर्वेलसाहेब दारातूनच परत गेले असते. डेव्हनवाले स्कोनवर आधी साय लावतात, कॉर्नवॉलवाले आधी जॅम, आणि यावरून एकमेकांची तोंडं बघत नाहीत. आमटीत आमसूल की चिंच, तसलंच हे.

मासळीची कथा तर विचारूच नका. लाडघरच्या बाजूला उतरलेले पाहुणे काटा-सुरीने बांगडा खातात. बांगडा! ज्याचे काटे बोटांना कळतात ते सुरीला काय कळणार? एकाने बोंबील काट्याने उचलायचा प्रयत्न केला. बोंबील तो, घसरून पार गांधीटोपीवाल्या शेजाऱ्याच्या ताटात. आणि ती माशाची खास चपटी सुरी, जिच्यासाठी आता घरोघरी नातवंडं हट्ट धरतात, तिला विलायतेतली खानदानी मंडळी नाक मुरडायची. ही सुरी १९व्या शतकातली नवी टूम. ज्यांच्या घरी पणजोबांपासूनची चांदी, त्यांच्या फडताळात ती असणारच कशी? ती दिसली की ओळखायचं, यांनी चांदी विकत घेतलीय!

बरं, साहेब काही आपल्याला नवा नाही. पेशवाई बुडाल्यावर त्याने दापोलीत छावणीच टाकली होती. जुनी माणसं दापोलीला ‘कॅम्प’ म्हणायची ती उगीच नाही. आणि याच तालुक्यातल्या मुर्डीचे रघुनाथ परांजपे १८९९ साली केंब्रिजला जाऊन सीनियर रँग्लर झाले, साहेबाच्या घरात, साहेबाच्याच गणितात. ते हाय टी घेत की नाही याची चौकशी तेव्हा कुणी केल्याचं ऐकिवात नाही.

आणि नवरदेव! मे महिना, अंगाची नुसती चिकचिक, आणि हा थ्री-पीस सुटात. वेस्टकोटाचं खालचं बटण उघडं ठेवायचं असतं, हा म्हणे सातव्या एडवर्डच्या पोटाचा प्रसाद. आमच्या नवरदेवाची तर पहिल्या फोटोनंतर सगळीच बटणं सुटतात.

आता खालच्या आळीत एक बारसं आहे, त्याला ‘ड्रेस कोड’ ठरलाय, फिक्कट रंगच घालायचे. बाळाच्या आत्याबाईंनी गडद हिरवी, जरीकाठी नऊवारी काढून ठेवली आहे. त्यांना पत्रिकेतली ती ओळ वाचून दाखवायची कामगिरी तीन सुना आज सकाळपासून एकमेकींवर ढकलतायत.