शीळफाट्यावर अप्रेझल उरकणाऱ्या साहेबांस

साहेब,

महापेहून डोंबिवलीला निघालेली आमची बस शीळफाट्याला अडकली होती. माझ्या शेजारी तुमच्या टीममधली मुलगी बसली होती. तेवढ्यात तुमचा फोन आला. गोंगाटात ऐकू येईना म्हणून तिने स्पीकर लावला. तुम्हीही पुढे तिथेच कुठेतरी गाडीत होतात. "ट्रॅफिक आहेच, तर तुझं अप्रेझल उरकून टाकू," असं म्हणालात.

तिने घाईघाईने डायरी उघडली. कोणत्या महिन्यात काय केलं, कुठे अडलं, हे सगळं तिने त्या दिवसासाठी लिहून ठेवलं होतं. पहिलीच ओळ तिने वाचली, "सर, मार्चचं रिलीज मी एकटीने सांभाळलं, तरी थ्री रेटिंग?" तुमचं उत्तर आलं, "अगं, ते नॉर्मलायझेशनमध्ये गेलं. माझ्या हातात काही नाही." मग गाड्या हलल्या आणि तुम्ही फोन ठेवलात. बाकीची दोन पानं तशीच राहिली.

हातात काही नाही? पहिला आकडा तुम्हीच भरलात ना? नॉर्मलायझेशनच्या ज्या बैठकीत अमुक जण वर, अमुक जण खाली अशी वाटणी झाली, तिथे तिच्या बाजूने काय बोललात, एवढं तरी सांगता आलं असतं. माणसांना अशा रांगेत बसवण्याची पद्धत मायक्रोसॉफ्टने 2013 मध्ये मोडीत काढली. तुमच्याकडे ती चालू असेल, तर ती राबवणाऱ्याने तोंड लपवू नये.

यावरून एक खटला आठवतो. सीमा रस्ते विभागातले अभियंता देव दत्त यांना 1993-94 च्या गोपनीय अहवालात 'चांगला' शेरा मिळाला. बढतीसाठी 'फार चांगला' लागत होता. शेरा त्यांना कळवलाच नाही आणि बढती हुकली. सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये निकाल दिला की प्रत्येक शेरा, चांगला असो वा वाईट, कर्मचाऱ्याला कळवलाच पाहिजे, म्हणजे त्याला सुधारता येईल आणि दाद मागता येईल. 2013 मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठानेही तेच उचलून धरलं. हा निकाल सरकारी नोकरांचा आहे, तुमच्या कंपनीला लागू नाही, हे मला ठाऊक आहे. पण त्यामागचं कारण तुम्हाला पटायला कोर्टाची नोटीस कशाला हवी? 'थ्री' म्हणजे तिची पगारवाढ, पुढचा प्रोजेक्ट, घराचा हप्ता. आणि जूनमध्ये तिची एखादी चूक झाली असेल, ती तुम्ही जूनमध्येच दाखवली असती, तर तिने जुलैत सुधारली असती. हेच मला सगळ्यात जास्त लागतं.

तिला पुन्हा बोलवा. ऑफिसातल्या बंद खोलीत, फोन बाजूला ठेवून. तुम्ही भरलेला फॉर्म तिला आदल्या दिवशी वाचायला द्या. कुठे कमी पडली ते प्रसंगासकट सांगा, आणि तिला ते मान्य नसेल तर तिचं म्हणणं तिच्याच शब्दांत त्या फॉर्मवर नोंदवा. फॉर्म अजून एचआरकडे गेला नसेल, तर या आठवड्यात एवढं सहज होईल.

तिच्याच बसमधली एक सहप्रवासी