जसे आले तसे

तालुक्याच्या गावी दैनिक काढायला आता छापखाना लागत नाही. एक मोबाइल, माइकला चिकटवलेला चौकोनी लोगो आणि ‘ताज्या बातम्यांसाठी आमच्या ग्रुपमध्ये सामील व्हा’ ही ओळ, एवढं भांडवल पुरतं. व्हॉट्सॲपच्या एका ग्रुपात 1024 माणसं मावतात. ती भरली की ग्रुप क्रमांक 2, मग 3, असे मजले चढत जातात. 2023च्या सप्टेंबरात भारतात व्हॉट्सॲप चॅनेल आली आणि मजल्यांची कटकटही मिटली.

बातमी कशी येते? ‘मोठी बातमी! अखेर तो निर्णय झालाच. वाचा सविस्तर.’ खाली बोट दाखवणारा हात आणि निळी लिंक. ती उघडली की आधी गुडघेदुखीचं तेल, मग झटपट कर्ज, मग ‘पुढे वाचा’, मग पुन्हा तेल. तळाशी पोहोचल्यावर कळतं की निर्णय व्हायची शक्यता सूत्रांनी वर्तवली आहे. गुडघे मात्र तोवर खरोखर दुखायला लागलेले असतात.

ही झाली पहिली आवृत्ती. दुसरी निघते सोसायटीच्या ग्रुपवर. तिचे संपादक निवृत्त काका. पहाटे साडेचारला त्यांचा अंक पडतो: गुलाबाचं फूल, एक सुविचार, सीमेवरचं युद्ध आणि मधुमेह मुळासकट घालवणारा काढा. खाली तीन शब्द, ‘जसे आले तसे’. झालं, काका मोकळे! छापील पेपराच्या शेवटच्या पानावर तळाशी बारीक टायपात मुद्रक, प्रकाशक आणि संपादक यांची नावं असतात. त्यांतली मुद्रक आणि प्रकाशकाची नावं छापायची सक्ती इंग्रजांनी 1867 सालीच कायद्याने केली, कारण खटला भरायचा तर कोणावर भरायचा हे सरकारला ठाऊक हवं होतं. संपादकांनीही मग ‘प्रसिद्ध झालेल्या मतांशी संपादक सहमत असतीलच असे नाही’ अशी पळवाट शोधली. ती आठ शब्दांची होती. काकांनी तीन शब्दांत काम भागवलं.

उरला ॲडमिन. संगनमत नसेल तर सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुराला ॲडमिन जबाबदार नाही, असा निर्वाळा मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021मध्ये दिला. निर्णय रास्तच आहे. साडेचारला ॲडमिन झोपलेला असतो. पण हिशेब असा झाला की लिहिणारा अज्ञात, पाठवणारा निमित्तमात्र आणि ॲडमिन निर्दोष.

या बेवारस बातमीचा खरा हंगाम जुलै. पुण्यात दोन सरी पडल्या की ‘भिडे पूल पाण्याखाली’चा फोटो निघतो. तो कोणत्या सालचा हे विचारायचं नसतं. पूल तोच, पाणी तेच. रात्री नऊच्या सुमारास येतो जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश: अतिवृष्टीमुळे उद्या सर्व शाळांना सुट्टी. गोल शिक्का आहे, सही आहे, जावक क्रमांकही आहे. पोरं उड्या मारतात. डब्यासाठी भिजत घातलेली मटकी बाई उपसून फ्रिजमध्ये ठेवतात. रिक्षावाले काका ‘उद्या येत नाही’ म्हणून कळवतात. मग साडेदहाला कुणीतरी चिकित्सक माणूस आदेश मोठा करून बघतो, तर तो गेल्या वर्षीचा. लगेच ग्रुपवर ‘हा मेसेज डिलीट केला आहे’ची रांग लागते. हीच आपली शुद्धिपत्रकाची पद्धत. चूक कोणाची, हा प्रश्न पडायच्या आत दुसऱ्या ग्रुपवरून तोच आदेश पुन्हा येतो, या वेळी तारखेचा भाग कापून.

इथवर हसता येतं. 1 जुलै 2018ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात हसण्यासारखं काही नव्हतं. मुलं पळवणारी टोळी आल्याचे मेसेज त्या भागात फिरत होते. मंगळवेढ्याकडून भिक्षा मागत आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना आठवडी बाजाराच्या दिवशी जमावाने ठेचून मारलं. तो मेसेजही प्रत्येकाला जसा आला तसाच त्याने पुढे धाडला असणार.

त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करायची मर्यादा घातली. 2020च्या एप्रिलमध्ये, करोनाच्या काढ्यांना पूर आल्यावर, फार फिरलेल्या मेसेजसाठी ती एकावर आणली. अशा मेसेजला दोन बाण आदल्या वर्षापासूनच लागत होते. हेतू असा की दोन बाण दिसले की माणसाने थबकावं. आमच्याकडे दोन बाण म्हणजे मेसेज इतका महत्त्वाचा की सगळेच पाठवतायत, म्हणून काका आता एकेका ग्रुपला सुटासुटा पाठवतात. निवृत्तांना वेळेची ददात नसते.

तेव्हा यंदाच्या जुलैत आदेश आला तर मटकी उपसण्याआधी एवढंच करा: सरकारी कागदाच्या वर, बहुधा उजव्या कोपऱ्यात, ‘दिनांक’ लिहिलेला असतो. तो वाचा. कोपरा कापलेला असेल तर शाळेला फोन करा.