स्वतःच्याच वाड्यावर जप्ती

सांताक्रूझ पूर्वेस, पश्चिम द्रुतगती महामार्गालगत, एके काळी अनिल अंबानी समूहाचे मुख्य ठाणे असलेली ‘रिलायन्स सेंटर’ नावाची जी विस्तीर्ण वास्तू आहे, तिची पाटी आता बदललेली असली, तरी पोटाला चिमटा घेऊन शेअर विकत घेणाऱ्या प्रत्येक सद्गृहस्थाने वर्षातून एकदा तिला प्रदक्षिणा घालावी, अशी आमची नम्र शिफारस आहे. कारण भागधारक हाच कंपनीचा धनी, या शास्त्रवचनाचा इतका सांगोपांग प्रयोग अन्यत्र पाहावयास मिळणार नाही.

याच समूहाच्या रिलायन्स पॉवरचा शेअर जानेवारी २००८ मध्ये ४५० रुपयांना विक्रीस निघाला, तेव्हा या कंपनीची वीज अद्याप कागदावरच होती. मागणी मात्र सत्तर पटींहून अधिक आली. फेब्रुवारीत बाजारात नोंदणी झाली त्याच दिवशी भाव विक्रीच्या किमतीखाली उतरला, आणि ‘दीर्घ मुदतीची गुंतवणूक’ हे नामाभिधान अनेक घरांत त्याच सायंकाळी रूढ झाले असावे.

याहून रसाळ प्रकरण येस बँकेचे, जिने या समूहास सढळ हाताने कर्जे दिली होती. ऑगस्ट २०१८ मध्ये जो शेअर ४०० रुपयांच्या घरात होता, तो जानेवारी २०२० मध्ये चाळिशीवर आला, तेव्हा दहातले नऊ हिस्से पडलेली वस्तू आता आणखी पडून पडून किती पडणार, अशा बिनतोड युक्तिवादाने पुष्कळांनी आणखी शेअर घेऊन ‘ॲव्हरेज’ केले. ५ मार्च रोजी रिझर्व्ह बँकेने निर्बंध घालून ठेवीदारांस ५०,००० रुपयांची मर्यादा ठरवून दिली, आणि दुसऱ्या दिवशी भाव साडेपाच रुपयांपर्यंत घसरला. म्हणजे चाळीसला ‘स्वस्त’ म्हणून घेणाऱ्याचेही सुमारे ८५ टक्के गेलेच. शून्य ही पायरी किती खोल असते, याचा अदमास वरून येत नाही.

मग स्टेट बँकेच्या पुढाकाराने जी पुनर्रचना झाली, तिच्या सरकारी फर्मानान्वये शंभरांहून अधिक शेअर बाळगणाऱ्यांचे तीनचतुर्थांश शेअर तीन वर्षांकरिता कुलूपबंद झाले. त्याच मार्चमध्ये भाव क्षणभर ऐंशीच्या पलीकडे उसळला, तो या मंडळींनी नाटकाच्या प्रेक्षकाप्रमाणे, खुर्चीस बांधलेल्या स्थितीत पाहिला. जुलैत येस बँकेने नवे शेअर १२ रुपयांना विकून १५,००० कोटी उभे केले, विक्री १७ तारखेस संपली, आणि २२ तारखेस, अंबानी समूहाच्या २,८९२ कोटींच्या थकबाकीपोटी, बँकेने सांताक्रूझच्या त्या ‘रिलायन्स सेंटर’चा ताबा घेतला. बुडता बुडता वाचलेल्या सावकाराने बुडत्या कुळाच्या घरावर जप्ती आणावी, आणि पुढे एप्रिल २०२१ मध्ये १,२०० कोटींच्या खरेदीखताने तेथेच आपले दफ्तर थाटावे, यात बेकायदा काहीच नाही.

आता असा एक गृहस्थ कल्पावा की ज्याच्या डीमॅट खात्यात या वास्तूची पूर्वीची मालक रिलायन्स इन्फ्रास्ट्रक्चर आणि येस बँक या दोहोंचे शेअर आहेत. (असे गृहस्थ कल्पावे लागत नाहीत, सकाळी साडेनऊच्या चर्चगेट लोकलमध्ये उभे असतात.) त्याने ही वास्तू स्वतःच तारण ठेवली, स्वतःच थकबाकीदार ठरून गमावली, स्वतःच जप्त केली आणि अखेर स्वतःच विकत घेतली, या चारही दस्तऐवजांवर त्याची सही कोठेही नाही, आणि आज आत जाऊ म्हटले तर दरवाजावरचा रखवालदार या धन्याकडे ओळखपत्र मागून नोंदवहीत येण्याचे प्रयोजन लिहावयास सांगेल.