बदलीवाले बप्पा

बप्पा कुणाच्याही घरी गेले की आधी माणसांकडं बघत नाहीत. चपला काढता काढताच त्यांची नजर हॉलच्या कोपऱ्यात जाते. सोफा आणि टीव्हीच्या मधल्या बेचक्यात एखादं रबराचं झाड, अरेका पाम नाहीतर मॉन्स्टेरा उभा असतोच. बप्पा त्याच्यापुढं उकिडवे बसतात, तर्जनी दोन पेरं मातीत खुपसतात, बाहेर काढून अंगठ्यावर घासतात. मग कुंडी जराशी कलती करून तळाच्या भोकावरून बोट फिरवतात. तोवर घरची बाई पाण्याचा तांब्या घेऊन मागं ताटकळत असते. तिला पहिला प्रश्न येतो, "किती वर्षं झाली ओ ह्याला इथं?"

पुतण्यासाठी कळंबला मुलगी बघायला गेले तेव्हाही त्यांनी हाच प्रश्न विचारला. मुलीच्या वडिलांना वाटलं, घर भाड्याचं की स्वतःचं याची चौकशी चालली आहे. त्यांनी खरेदीखताची झेरॉक्स आणून टीपॉयवर ठेवली. बप्पांनी ती बाजूला सारली. "तुमचं न्हाई पाहुणे, ह्या पामचं इचारलालोय. मुळ्या भोकातून खाली आल्यात. जीव गुदमरलालाय की ह्याचा." लग्न जमलं, पण याद्या व्हायच्या आधी पामची कुंडी बदलून झाली होती.

झाडांचे डॉक्टर हल्ली गल्लोगल्ली आहेत. बप्पांचा पिंड डॉक्टरचा नाही, आस्थापना शाखेचा आहे. धाराशिवच्या एका सरकारी कार्यालयात त्यांनी उभा जन्म बदल्यांच्या फायली हलवल्या. 2005 साली महाराष्ट्रात बदल्यांचा कायदा आला. त्याचं पूर्ण नाव 'महाराष्ट्र शासकीय कर्मचाऱ्यांच्या बदल्यांचे विनियमन आणि शासकीय कर्तव्ये पार पाडताना होणाऱ्या विलंबास प्रतिबंध अधिनियम'. हे नाव बप्पा एका दमात म्हणतात, आणि तेवढ्या वेळात समोरच्याची दमछाक होते. एका जागी साधारण तीन वर्षं, आणि बदल्या वर्षातून एकदा, एप्रिल किंवा मे महिन्यात, हा त्या कायद्याचा गाभा. निवृत्तीनंतर बप्पांच्या लक्षात आलं की घरातल्या मोठ्या झाडांनाही दोन-तीन वर्षांनी जागा अपुरी पडते. झालं. हाताखाली कर्मचारी उरले नव्हते, झाडं मुबलक होती.

फक्त एप्रिल-मेचं कलम त्यांनी स्वतःच्या अधिकारात रद्द केलं. आमच्याकडं मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर जातो, घराच्या भिंती रात्रीसुद्धा तापलेल्या असतात. अशात मुळं उघडी केली तर पानं पाणी मागतात आणि दुखावलेली मुळं ते देऊ शकत नाहीत. म्हणून बप्पांचे दोनच हंगाम. एक फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत, थंडी ओसरून झाड नवी पालवी धरायला लागतं तेव्हा. दुसरा मृगाचा पाऊस पडून हवेत ओल आल्यावर. मृगानं दगा दिला, आणि आमच्या जिल्ह्यात तो देतोच, तर आर्द्राची वाट. शेजारच्या वकीलीणबाईंनी मुलीच्या लग्नात हॉल बरा दिसावा म्हणून मे महिन्यातच मॉन्स्टेराची कुंडी बदलायचा हट्ट धरला. वशिलाही लावला, म्हणजे बप्पांच्या बायकोला भूमहून आणलेला कुंथलगिरीचा खवा दिला. बप्पांनी खवा खाल्ला आणि प्रस्ताव नामंजूर केला. पीस लिलीच्या बाबतीत तर त्यांनी फाईलच उघडली नाही. फुलावर आलेलं झाड रजेवर असतं, रजेवरच्याला हलवत नाहीत.

बदलीला कारण लागतं. बप्पांची कारणं ठरलेली आहेत. वरून ओतलेलं पाणी मातीत न मुरता सरळ ताटलीत येतं. एक दिवस पाणी चुकलं की झाड मान टाकतं. हंगाम असून नवं पान येत नाही, आलं तर आधीच्यापेक्षा लहान येतं. मुळं भोकातून डोकावतात किंवा मातीवर वेटोळी घालून बसतात. यातलं एकही नसेल तर बप्पा हात झटकून उठतात. "राहू द्या. ह्याची तक्रार न्हाई, तुमचीच हौस हाय." हे ऐकून माणसं नाराज होतात. नवी रंगीत कुंडी आणून ठेवलेली असते ना!

आणि ती कुंडी हमखास भलीमोठी असते. माणसाला वाटतं, एकदाच मोठी आणावी म्हणजे कटकट मिटली. बप्पा म्हणतात, "शिपायाला कलेक्टरचा बंगला दिला तर झाडायचा कुणी?" मुळं जेवढ्या मातीत पोचतात तेवढंच पाणी ओढतात. बाकीची माती ओली राहते, आंबते आणि मुळं सडवते. जुन्या कुंडीच्या भोवती दोन-तीन बोटं जागा मिळाली की एवढी बढती पुरे.

मातीवरून मात्र बप्पांची सगळ्या गावाशी भांडणं झाली आहेत. इथं ज्याला त्याला शेत असतं, आणि शेत म्हणजे काळी माती. युरियाच्या रिकाम्या पिशवीत ती फुकट घरी येते. सोयाबीनला, ज्वारीला ती आईसारखी. कुंडीत तीच पावसाळ्यात चिखल होते, उन्हाळ्यात वीट होते आणि काठापासून सुटून भेगाळते. मग पाणी त्या फटीतून खाली जातं आणि मधला गोळा कोरडाच. काळी माती घालायचीच तर पाटीभर घाला, पण बरोबर एक पाटी कोकोपीट, एक पाटी पुरतं कुजलेलं शेणखत, एक पाटी जाड वाळू किंवा विटेचा चुरा आणि मूठभर लिंबोळी पेंड, हे बप्पांचं परिपत्रक. शेणखत ते हुंगून बघतात. वास आला तर परत पाठवतात. अर्धकच्च्या खतातून हुमणी येते आणि मुळंही भाजतात.

तळाला खडे घालणाऱ्यांना ते सरळ अज्ञानी म्हणतात. हे गावातल्या जुन्या बायांना फार लागतं, कारण खडे त्यांच्या आज्ज्यासुद्धा घालत. पण बप्पांचं खरं आहे. बारीक माती पुरती पाण्यानं भरल्याशिवाय ते खालच्या मोठ्या खड्यांत उतरतच नाही. म्हणजे चिखलाचा थर तळातून उचलून मुळांपाशी आणून ठेवल्यासारखं. भोकावर एक खापरी पालथी ठेवावी, माती वाहून जाऊ नये एवढ्यापुरती.

खापरीवरून गाडी तेरला जाते. तेरच्या गोरोबाकाकांनी थापटणं मारून कोण संत कच्चा, कोण पक्का ते सांगितलं आणि नामदेवांनाही कच्चं ठरवलं, ही गोष्ट आमच्याकडं शाळकरी पोरालाही पाठ. बप्पा कुंभाराकडं गेले की प्रत्येक कुंडीवर टिचकी मारून कान लावतात. आता कुंडीपर्यंत ठीक, पण एकदा तेरच्या लामतुरे संग्रहालयात पाहुण्यांना घेऊन गेले, तिथं काचेआड सातवाहनांच्या काळातली मातीची भांडी मांडलेली आहेत. पाहुणे दोन हजार वर्षांपूर्वी इथून रोमपर्यंत चालणाऱ्या व्यापाराची माहिती वाचत होते. बप्पा गुडघ्यावर हात टेकून, वाकून, भांड्यांच्या तळाला भोक आहे का ते बघत होते.

प्रत्यक्ष बदलीचा दिवस म्हणजे कॉलनीचा सण. आमच्या समोरच्या घरात पुरुषभर उंचीचं रबराचं झाड होतं, तुपाच्या पत्र्याच्या डब्यात. बप्पांनी आधी घरमालकाला अर्धा तास सुनावलं. "हा मेघालयाकडचा गडी. तिथं ह्याच्या मुळ्या नदीवरून पलीकडं नेऊन जिवंत पूल करत्यात, माणसं त्यावरून जात्यात. आन तुम्ही ह्याला डालड्याच्या डब्यात कोंबलाव!" डालडा नव्हता, गावरान तूप होतं, पण दुरुस्ती करायची कुणाची टाप नव्हती. आदल्या दिवशी पाणी घालून माती ओलसर केलेली होती. फांद्या सुतळीनं हलक्या बांधल्या. दोन पोरांनी डबा आडवा करून जुन्या चादरीवर लोळवला, खुरपं आतल्या कडेनं फिरवलं, बुडावर थापट्या मारल्या. बप्पा खुर्चीवर बसून. झाड खोडाला धरून ओढायचं नाही, भांडं ओढायचं, असं ते पाच-सहा वेळा ओरडले. गोळा बाहेर आला तो डब्याच्याच आकाराचा, मुळांचं नुसतं वेटोळं. त्याला चार बाजूंनी उभे काप दिले, काळी आणि मऊ मुळं काढली, बाकीची बोटांनी मोकळी केली. चीक निघाला तो ओल्या फडक्यानं टिपला, कारण काहींच्या अंगाला तो खाजतो. खोड पूर्वी जेवढं मातीत होतं तेवढंच ठेवलं. वर दोन बोटं जागा पाण्यासाठी मोकळी सोडली.

आठवड्यात झाडानं चार पानं गाळली आणि घरमालकीण बप्पांच्या दारात. बप्पा शांत. "रुजू व्हायला वेळ लागतोच की ओ. पंधरा दिवस सावलीत ठेवा, माती वरून सुकल्याबिगर पाणी देऊ नका. आन महिनाभर खत न्हाई. जॉइन झाल्या झाल्या इन्क्रिमेंट मागत्यात व्हय?" झाड पुढं सावरलं. सगळीच सावरतात असं नाही. नव्या कुंडीतला एक अरेका सावलीसाठी अंगणात ठेवला होता, तो शेजारच्या शेळीनं बुडख्यापर्यंत खाल्ला. जिल्ह्याचं नाव 2023 साली धाराशिव झालं, शेळीची जात मात्र अजून उस्मानाबादीच आहे, आणि तिला परिपत्रकं लागू नाहीत.

बप्पांची खरी हुशारी मला दिसते ती अगदी मोठ्या झाडांच्या बाबतीत. जे दोघांनाही उचलत नाही, त्याची ते बदली करत नाहीत. "टेबल बदलू," म्हणतात. म्हणजे कुंडी तीच, जागा तीच. फक्त वरची तीन-चार बोटं माती मुळं न दुखवता उकरून काढायची आणि नवी भरायची. बोअरच्या पाण्याचे पांढरे क्षार वरच साचलेले असतात, पानांची टोकं त्यांनीच करपतात, ते या निमित्तानं जातात. एवढ्यावर झाड आणखी एखाद-दोन वर्षं काढतं. नोकरीत असताना किती माणसांचं असं टेबलावर भागलं असतं, हे बप्पांना कुणी विचारलेलं नाही. मी विचारणार होतो, पण ते माझ्या मनीप्लांटकडं वळले.

तेव्हा वाचकहो, तुमच्या घरात छताला टेकायला आलेलं झाड असेल आणि बप्पांना बोलवायचं असेल, तर फेब्रुवारीत नाहीतर पाऊस लागल्यावर बोलवा. आदल्या दिवशी झाडाला पाणी घाला, चादर जुनी काढून ठेवा, चहा बिनसाखरेचा करा आणि दोन धडधाकट पोरं हाताशी ठेवा. कुंडी बप्पा स्वतः उचलत नाहीत.